रत्नागिरीतले नळाचे पाणी: टीडीएस ६० असताना आरओ घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फेब्रुवारीत पुण्याहून बदलीवर रत्नागिरीला आलात, शहरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलात. मेअखेरपर्यंत नळाला काचेसारखे पाणी यायचे, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते एकदम कोऱ्या चहाच्या रंगाचे आले. घरात चार वर्षांची मुलगी आहे. मशीन विकायला आलेल्या माणसाने मीटर बुडवून ६० आकडा दाखवला, मग दोन सळ्यांचे यंत्र पाण्यात धरून काळपट-तपकिरी गाळ काढून दाखवला आणि आरओशिवाय, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणाऱ्या मशीनशिवाय, पर्याय नाही असे सांगितले. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर विहिरीचे पाणी प्यालो, काही झाले नाही. आणि तुम्ही विचारता, नळाचे पाणी थेट प्यावे का?

मी अठ्ठावीस वर्षे कोकणातल्या दोन नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांवर केमिस्ट होतो, आता निवृत्त आहे. आधी उत्तर सांगतो, कारण लहान मूल वाट पाहत नाही: पावसाळा संपेपर्यंत पाणी गाळून, उकळूनच द्या. आरओ टीडीएससाठी घेऊ नका. आणि तुमच्या बिल्डिंगची खालची टाकी कुठे आहे, शेजारी काय आहे आणि तिच्यात आणखी कुठले पाणी मिसळते, हे या आठवड्यात स्वतः जाऊन बघा. माझ्या अनुभवात पाणी बिघडते ते बहुतेक वेळा तिथे.

आता कारणे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची बेरीज. तो मीटर प्रत्यक्षात पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. जंतू त्याला दिसत नाहीत. स्वच्छ पाण्याच्या बादलीत तांब्याभर गटाराचे पाणी टाकले तरी आकडा जेमतेम हलेल, पण ते पाणी प्यायचे राहणार नाही. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तुमचे ६०. कोकणातले धरणाचे पाणी असेच असते. पाऊस भरपूर, डोंगर उतरून पाणी लगेच धरणात येते आणि जांभ्यातून विरघळून येण्यासारखे क्षार फारसे उरलेलेच नसतात. म्हणून इथे साबणाला पटकन फेस येतो आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत नाही. ६० चे पाणी आरओतून काढून १० वर आणायचे आणि एक लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडायचे, यात मुलीच्या तब्येतीचे काही भले नाही. जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते, ते याच नासाडीमुळे.

त्या सळ्यांच्या प्रयोगाबद्दलही सांगतो, कारण त्याने भली भली माणसे घाबरतात. त्यातली एक सळी लोखंडाची असते. वीज सोडली की ती सळीच विरघळते, आणि दिसतो तो गाळ त्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून तिथे काही दिसत नाही. तुमच्या नळाच्या पाण्यात तो गाळ आधी नव्हता.

एक अपवाद मात्र खरा आहे. खाडीच्या किंवा समुद्राच्या काठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. उपसा वाढतो, गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खारे पाणी आत सरकते. तुमच्या सोसायटीत तशा विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल आणि उन्हाळ्यात टीडीएस हजाराच्या पुढे जात असेल, तर आरओचा विचार रास्त आहे. पण मग आकडा मेमध्ये घ्यायचा. जूनमधला आकडा त्यासाठी उपयोगाचा नाही.

आता तो चहाचा रंग. मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडतो त्या रात्री शुद्धीकरण केंद्रावर काय चालते हे लोकांना ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असले तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते. उन्हाळाभर धरणातून येणारे पाणी निवळ असते, तुरटी थोडी लागते. पहिल्या पावसात डोंगरावरची मोकळी लाल माती, कुजलेला पालापाचोळा, वाटेतले शेण, सगळे एकदम ओढ्यांतून खाली येते. संध्याकाळी ज्या पाण्याचा गढूळपणा दोन-चार एनटीयू (गढूळपणा मोजायचे एकक) होता, ते पहाटेपर्यंत काही शेकड्यांवर गेलेले मी पाहिले आहे. अशा वेळी आम्ही जार टेस्ट लावायचो: सहा काचेच्या भांड्यांत तेच पाणी, प्रत्येकात तुरटीचा वेगळा डोस, आधी जोरात ढवळायचे, मग हळू, मग थांबायचे आणि कुठल्या भांड्यात गाळाचे गोळे चांगले बसतात ते बघायचे. रात्री दोनला ठरवलेला डोस पहाटे पाचला चुकीचा ठरतो, कारण तोवर पाणी बदललेले असते.

कोकणात यात आणखी एक अडचण आहे, जी देशावरच्या प्लांटवर सहसा येत नाही. तुरटीचे गोळे बनायला पाण्यात थोडा क्षारपणा, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, लागतो. एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारपणा खाते. आमच्या पाण्यात तो मुळात कमी, आणि पावसाचे पाणी मिसळल्यावर आणखी कमी. गढूळपणा वाढला म्हणून नुसती तुरटी वाढवत गेले की पीएच कोसळतो, गोळे बनतच नाहीत, पाणी गढूळ राहते आणि वर आंबट होते. तेव्हा चुना सोडावा लागतो. नव्या माणसाला हे शिकायला एक-दोन पावसाळे जातात. त्या दोन-चार दिवसांत वाळूचे फिल्टर पुन्हा पुन्हा उलटे धुवावे लागतात, वीज गेलेली असते, आणि शहराला पाणी तर सोडायचेच असते. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नळाला थोडे रंगाचे पाणी येणे हे कोकणातल्या बऱ्याच गावांत दरवर्षीचे आहे. धामापूर तलावावर अवलंबून असलेले मालवण, वाशिष्ठीवर असलेले चिपळूण आणि शीळ-पानवल धरणांवरची तुमची रत्नागिरी, उगम वेगळे असले तरी लाल माती आणि पाऊस सगळीकडे तोच आहे.

माती स्वतः विषारी नाही. धोका वेगळा आहे. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीच्या आणि पाल्याच्या कणांवर खर्ची पडतो, आणि जंतू त्या कणांच्या आड वाचतात. मानकात गढूळपणा एक एनटीयूच्या आत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर पाचपर्यंत चालेल, असे आहे. त्याचे कारण दिसण्यापेक्षा हे अधिक आहे. म्हणून पाणी रंगाचे असेल त्या दिवशी प्लांटवर क्लोरीन दिला होता की नाही यावर विसंबू नका. उकळा.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्लांटमधून निघालेले पाणी चांगले असणे आणि तुमच्या स्वयंपाकघरात पोचलेले पाणी चांगले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. ठरलेल्या वेळी दीड-दोन तास सोडतात, उन्हाळ्यात काही ठिकाणी दिवसाआड. व्हॉल्व बंद झाला की लाइन रिकामी होते आणि रिकाम्या लाइनमध्ये शोषण तयार होते. जोडावर गळती असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर ते पाणी आत ओढले जाते. ज्यांनी नळाला थेट मोटर लावली आहे त्यांच्यामुळे हे शोषण पाणी चालू असतानाही होते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिल्या पाच-दहा मिनिटांत हे सगळे घरात येते. ते पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नका, झाडांना घाला.

या घाणीविरुद्ध आपल्या हातात एकच पहारेकरी असतो, तो म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन. मानक सांगते की नळाच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा, आणि विषाणूंची साथ असेल तेव्हा ०.५. लोक मला तक्रार करायचे की आज पाण्याला औषधाचा वास येतो. त्या वासाचा त्रास होतो हे मी समजतो, पण जुलैमध्ये नळाला तो हलका वास आला की मला बरे वाटायचे. पाण्याला अजिबात वास नाही, ही पावसाळ्यात समाधानाची खूण नव्हे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. जुलै संपता संपता एकाच बिल्डिंगमध्ये काविळीचे सहा-सात रुग्ण निघाले. त्यात एक बाई सात महिन्यांची गरोदर होती. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते, म्हणून सगळे धास्तावले होते. मी रस्त्यावरच्या लाइनला टेस्ट केली, क्लोरीन ०.४ आला. पाणी चांगले आहे असा शेरा लिहून मी परतलो. ती माझी चूक होती. चार दिवसांनी आणखी एक रुग्ण निघाला तेव्हा मी परत गेलो आणि या वेळी वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला नळ तपासला. शून्य. खालच्या टाकीत शून्य. टाकीत येणाऱ्या नळाला ०.४.

ती टाकी जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेली होती, आतून प्लास्टर होते. दहा-बारा फुटांवर सेप्टिक टँक. आमच्या बहुतेक गावांत भुयारी गटार नाही, प्रत्येक बिल्डिंगचा आपापला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. जांभा स्पंजासारखा, पावसाळ्यात जमिनीतले पाणी हातभर खोलीवर आलेले. आम्ही रात्री टाकीचा इनलेट आणि पंप दोन्ही बंद केले आणि आत उभ्या धरलेल्या बांबूवर पाण्याच्या पातळीची खूण केली. सकाळी पाणी खुणेच्या दोन बोटे वर होते. वरून एक थेंब सोडला नव्हता. ते पाणी भिंतीच्या तड्यांतून आले होते. ती बाई आणि तिचे बाळ दोघेही सुखरूप राहिले, पण तो माझा चार दिवसांचा उशीर मी विसरलेलो नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, ही खुणेची चाचणी तुमच्या सोसायटीत करून बघा. पैसे लागत नाहीत, फक्त एक रात्र पंप बंद ठेवायला सगळ्यांची संमती लागते, आणि ती भर पावसात करायची. पाणी चढले तर बाहेरचे आत येते. उतरले तर टाकी गळते, म्हणजे जमिनीतली पातळी वर आली की तिथूनच बाहेरचे पाणी आत येऊ शकते. टाकीचे झाकण जमिनीच्या पातळीत असेल आणि अंगणात पाणी साचत असेल तर चाचणीचीही गरज नाही, आधी झाकणाची कड वीतभर उंच बांधून घ्या. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मी मदतीला चिपळूणला गेलो होतो तेव्हा हेच दिसले. नळाला पाणी परत सुरू झाले होते, पण कितीतरी बिल्डिंगच्या टाक्यांत पुराचे पाणी तसेच होते, आणि चांगले पाणी त्याच्यावरच पडत होते.

क्लोरीन घरीही तपासता येतो. ओटी टेस्टची छोटी बाटली औषधांच्या किंवा प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. ठरावीक पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो लगेच सोबतच्या पट्टीशी जुळवायचा, उशीर केला तर रंग फसवतो. पाण्यात जंतू आहेत का ते पाहायचे असेल तर एच-टू-एस ची बाटली मिळते, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी झाली तर पाणी दूषित समजायचे. पक्का रिपोर्ट हवा असेल तर जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत नमुना द्या, पण बाटली त्यांच्याकडूनच आणा. त्या निर्जंतुक बाटलीत क्लोरीन मारणारे औषध घातलेले असते. घरच्या बाटलीत पाणी नेले तर वाटेत पाण्यातला क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. नमुना सकाळी घ्या, थंड ठेवा आणि शक्यतो सहा तासांत पोचवा.

आता घरात काय करायचे. पाणी गढूळ असेल तर आधी भांड्यात निवळू द्या. तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवला तर पुरे, आपल्या मऊ पाण्यात जास्त तुरटीने चव बिघडते. तुरटी जंतू मारत नाही हे मात्र लक्षात ठेवा. मग स्वच्छ सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळा आणि उकळा. पूर्ण उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते, दहा-पंधरा मिनिटे गॅस जाळायची गरज नाही. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या, कारण त्यात क्लोरीन उरत नाही आणि हात लागला की ते पुन्हा दूषित होते. पाणी घ्यायला लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचे पिंप वापरा. मुलीला पेला बुडवू देऊ नका.

मशीन घ्यायचेच असेल तर यूएफ (बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळणारे) आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) एकत्र असलेले, आरओ नसलेले घ्या. यूव्हीचा दिवा पाणी निवळ असेल तरच काम करतो, म्हणून त्याच्याआधी गाळाचा फिल्टर हवा, आणि तो जून-जुलैत काही आठवड्यांतच लाल होईल. बदलायचा कंटाळा केला तर मशीन असून नसल्यासारखे. मशीनमधला कोळसा क्लोरीनही काढून टाकतो, त्यामुळे त्यातून निघालेले पाणी दिवसभराच्या आत संपवा.

सोसायटीच्या टाकीत पावसाळ्यात क्लोरीन कमी येत असेल तर ब्लिचिंग पावडर, आमच्या भाषेत टीसीएल, घालता येते. निवळ पाण्याच्या हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला पंचवीस. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत कालवायची, दहा मिनिटे चुना खाली बसू द्यायचा, वरचे पाणी टाकीत सोडायचे आणि तासभर पाणी वापरायचे नाही. इथल्या दमट हवेत उघडी पिशवी लवकर निकामी होते, म्हणून लहान पाकीट आणून हवाबंद डब्यात ठेवा. टाकी वर्षातून दोनदा धुवा: पावसाआधी मेअखेर आणि पाऊस थांबल्यावर.

काही गोष्टी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. बिल्डिंग जुनी असून लोखंडी पाइप असतील तर तुमचा रंग मातीचा नसून गंजाचाही असू शकतो. सकाळी पहिले पाणी लाल आणि मग निवळ, असे असेल तर बहुधा गंजच. बादलीत रात्रभर ठेवून तळाला मऊ लाल माती बसली तर तो पावसाचा गढूळपणा.

सासूबाईंचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. त्या प्यायल्या ती विहीर परड्यात होती, आजूबाजूला सेप्टिक टँक नव्हते आणि वस्ती विरळ होती. आज त्याच विहिरीपासून पंधरा मीटरच्या आत दोन-तीन बिल्डिंगचे शोषखड्डे असतात, आणि पंधरा मीटर हे तर नेहमीच्या जमिनीतले किमान अंतर आहे, जांभ्यात त्याहून जास्त हवे. विहीर तीच राहिली तरी तिच्यात झिरपणारे पाणी आता तेच नाही. त्यांना हे सांगितलेत तर त्यांना पटेल, कारण गावातली प्रत्येक जुनी विहीर कधी आणि कशाने बिघडली हे त्यांच्या पिढीलाच आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ओटी टेस्ट आणलीत की पाणी सुटल्यावर पंधरा मिनिटांनी तीन ठिकाणी करा: खालच्या टाकीत पडणारा नळ, खालची टाकी आणि तुमचा स्वयंपाकघरातला नळ. तिन्ही आकडे आणि टाकीपासून सेप्टिक टँकचे अंतर मला लिहून कळवा, मग पुढे काय करायचे ते नेमके सांगतो.